बांगड्याच्या अंगावर वाघाचे पट्टे नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही बांगड्यावर चांगलं अर्धं पान दिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण पेपरात मासे म्हटले की पापलेट, सुरमई आणि फार तर कोळंबी, त्यात २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाल्यापासून तर त्याचे लाड विचारू नका. बांगडा बिचारा गरिबाचा म्हणून कोपऱ्यात, आणि कोकणात रोज ताटात कोण पडतो तर तोच. म्हणून पान बघून बरं वाटलं. पण चहा घेता घेता फोटोकडे नीट बघितलं आणि कप खाली ठेवला.

साहेब, तो आपला बांगडा नव्हे!

माझी चुलती शेजारीच राहते, वय ७८, चाळीसेक वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मालवण तालुक्यातली निम्मी गावं पालथी घातलेली बाई. तिला पेपर नेऊन दाखवला, काही न सांगता. तिने चष्मा लावला, पेपर लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "ह्यो खयचो बांगडो? ह्येच्या अंगार वाघाचे पट्टे कित्याक?" झालं, तिथेच निकाल लागला.

तुम्ही छापलाय तो अटलांटिक मॅकरेल. नॉर्वे, स्कॉटलंडकडच्या थंड पाण्यातला. इंटरनेटवर मॅकरेल म्हणून फोटो शोधला की पहिला तोच पुढे येतो, त्यामुळे चूक कशी झाली ते समजण्यासारखं आहे, आमच्या गावातल्या एका हॉटेलच्या मेनूकार्डवर पण हाच पाहुणा आहे आणि खाली लिहिलंय 'मालवणी बांगडा थाळी'. दोघे एकाच घराण्यातले, पण चुलत भाऊ म्हणजे सख्खा भाऊ नव्हे ना. त्या परदेशी माशाच्या पाठीवर वेड्यावाकड्या आडव्या रेघा असतात, पाठीकडून पोटाकडे उतरणाऱ्या, म्हणूनच वाघ आठवतो. आपल्या बांगड्याच्या रेघा डोक्याकडून शेपटीकडे जातात, अंगाच्या लांबीने, सरळ, बारीक आणि काळपट, पाठीच्या बाजूला. त्याच्या वर, पाठीच्या पंखाच्या बुडाशी छोट्या काळ्या ठिपक्यांची एखाद-दुसरी ओळ. पाठ निळसर हिरवी, बाजूला चंदेरी आणि ताजा असला तर त्यावर थोडी सोनेरी झाक. अंगाने पण आपला बांगडा जास्त भरलेला असतो, त्या परदेशी माशासारखा लांबुडका नाही.

हे सगळं लक्षात राहत नसेल तर दोन खुणा सांगतो, मला लहानपणी चुलत्यांनी दाखवलेल्या. ते रापणीवर म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला जायचे, आता नाहीत. पहिली, कानाजवळचा म्हणजे छातीचा पंख बोटाने उचलायचा, त्याच्या खालच्या कडेशी अंगावर एक काळा डाग दिसतो, काजळाची तीट लावल्यासारखा. दुसरी खूण मला जास्त आवडते. बांगड्याचं तोंड आ करून आत बघा, दोन्ही बाजूला कल्ल्यांना लागून पिसासारखे लांब बारीक दात्यांचे कंगवे दिसतील. बाजारात उभ्या उभ्या मासा न कापता ही खूण बघता येते, फक्त मासेवालीने "घेवचो तर घे, दात मोजू नको" म्हटलं तर हसून घ्यायचं.

आता हे कंगवे कशाला असतात इथूनच तुमच्या लेखातली दुसरी चूक सुरू होते, आणि फोटोपेक्षा ती मला जास्त खटकली कारण त्यापायी कुणाची तरी सुट्टी फुकट जाणार. लेखात सल्ला दिलाय की मोठ्या गरीला कोळंबीचा तुकडा लावा, शिसं बांधून तळाला सोडा आणि वाट बघा. असं केलंत तर वाट बघण्याचं काम मात्र होईल. बांगडा तळाला बसून गिळणारा मासा नाहीच. तो थव्याने मधल्या नाहीतर वरच्या पाण्यात फिरतो, तोंड उघडं टाकून पोहतो, पाणी कल्ल्यातून बाहेर जातं आणि पाण्यातले बारीकसारीक जीव त्या कंगव्यात अडकतात, तेच त्याचं जेवण. लहान असताना त्यात वनस्पतीचा भाग जास्त, मोठा झाला की कोळंबीची आणि माशांची इवलीशी पिल्लं पण खातो. आपण पीठ चाळतो ना तसं तो समुद्र चाळतो. त्याला बोटाएवढा कोळंबीचा तुकडा देऊन काय करणार.

गरवून बांगडा मिळतो, नाही असं नाही, मी स्वतः जेट्टीवरून काढलेत. पण त्याची रीत वेगळी. एका तंगूसला म्हणजे नायलॉनच्या दोरीला वीतभर अंतराने पाच-सहा अगदी बारक्या गऱ्या, प्रत्येकीला पांढरं पीस किंवा चमकणाऱ्या कागदाची चिंधी, शेवटाला शिसं. बाजारात तयार मिळतात त्याला सबिकी म्हणतात, जपानी प्रकार आहे, पण आमची पोरं चॉकलेटच्या चांदीतून घरीच बनवायची. पहाटे उजाडायच्या आधी किंवा दिवेलागणीला जायचं, जेट्टीच्या दिव्याखाली बारीक जीव जमतात आणि त्यांच्यामागे बांगडा येतो. तळापर्यंत सोडायचं नाही, मधल्या पाण्यात ठेवून हळूहळू वर-खाली, वर-खाली. थवा नसेल तर दोन तास काही नाही आणि थवा आला की एका वेळी तीन-चार लटकून येतात, तेव्हा हिसका मारायचा नाही, त्याचं तोंड नाजूक, ओठ फाटून मासा पाण्यात आणि तुमच्या हातात पीस. माझ्याकडून असे किती गेलेत ते घरच्यांना विचारू नका म्हणजे झालं.

पण कोकणात बांगडा म्हणजे गरी नव्हे, जाळं. समुद्रात कांडाळ म्हणजे भिंतीसारखं उभं जाळं लावतात, त्याच्या आसात म्हणजे भोकात बांगडा डोकं घालतो, कल्ल्याशी अडकतो, मग पुढे पण जाता येत नाही आणि मागे पण. आस केवढा त्यावर मासा केवढा मिळणार ते ठरतं, बारका आरपार निघून जातो. आणि दुसरी रापण, जी तुमच्या लेखात अर्ध्या ओळीत आटपली, 'पारंपरिक पद्धतीने जाळे ओढून' एवढंच. अहो, त्या अर्ध्या ओळीत आमचं अख्खं बालपण आहे.

रापण कशी असते ते सांगतो. एक दोराचं टोक किनाऱ्यावर माणसांच्या हातात, होडी जाळं सोडत सोडत समुद्रात मोठी चंद्रकोर काढते आणि पलीकडे किनाऱ्याला लागून दुसरं टोक आणून देते. मग दोन्ही बाजूंनी ओढायचं, चाळीस-पन्नास माणसं, म्हातारे, पोरं, वाटेने जाणारा पण हात लावतो. आधी दोर काथ्याचा असायचा, हाताची सालं निघायची, आता नायलॉन. दोन्ही बाजूच्या रांगा ओढता ओढता वाळूवरून एकमेकींकडे सरकत येतात आणि मधला खोला म्हणजे जाळ्याची पिशवी किनाऱ्याकडे येते. पण त्याच्या आधी महत्त्वाचं काम असतं बघणाऱ्याचं. चुलते उंच वाळूवर उभे राहून पाण्याकडे बघायचे, आम्हाला नुसतं पाणी दिसायचं आणि त्यांना पाण्यावरचा डाग दिसायचा, ढगाची सावली पडावी तसा, पण आभाळ साफ. कधी पाण्यावर पाऊस पडल्यासारखी बारीक थरथर दिसायची. काळोख्या रात्री तर थवा गेला की पाणीच पेटल्यासारखं चमकायचं, समुद्रात चमकणारे बारीक जीव असतात ते ढवळले की उजेड देतात. थवा दिसला की चुलते हात वर करायचे आणि होडी सुटायची, तोवर एकाने पण मोठ्याने बोलायचं नाही.

मला एक सकाळ चांगली आठवते, दिवाळीच्या आसपास, मी सातवीत असेन. खोला गुडघाभर पाण्यात आला आणि आवाज सुरू झाला. टाळ्या वाजाव्यात तसा, हजारो शेपट्या एकदम. पाणी हिरवं, चंदेरी, परत हिरवं. माझ्या पायात बांगडे घुसत होते, एक चड्डीच्या खिशात शिरला खरंच, घरी येईपर्यंत पत्ता नाही. मग वाटे पडले, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, आणि आम्हा पोरांना ओंजळभर बांगडुले म्हणजे बारके बांगडे. चुलती तिथेच पाटी लावून बसलेली, तिचा आणि दुसऱ्या बायकांचा लिलाव म्हणजे भांडणच वाटायचं ऐकणाऱ्याला.

तर असो. बाजारात गोंधळ कशाकशाचा होतो ते पण लिहायला हवं होतं तुम्ही. मुंबईत राहणारे आमचे नातेवाईक तारलीला छोटा बांगडा समजून घेऊन येतात. तारलीला पाठीवर एकच पंख, बांगड्याला दोन, मध्ये जागा सोडून. तारलीचे खवले मोठे, हाताला चिकटून येतात, आणि पोटाखालून बोट उलटं फिरवलं तर करवतीसारखं लागतं. बांगड्याच्या पोटाला असं काही नाही, खवले बारीक आणि अंग गुळगुळीत. शिवाय बांगड्याच्या दुसऱ्या पंखामागे शेपटीपर्यंत पाच सुट्टे छोटे पंख असतात, वर पाच आणि खाली पाच, तारलीला नाहीत. पण नुसते सुट्टे पंख बघून पण फसू नका कारण काटबांगड्याला पण ते असतात आणि नावात बांगडा असल्यामुळे लोक तो बांगड्याच्या भावाने घेतात. त्याच्या शेपटीकडे बाजूवरून हात फिरवा, टणक खरखरीत कवचाची पट्टी लागेल, म्हणूनच तो काटबांगडा. खायला वाईट नाही, पण तिखल्याला, म्हणजे आमच्या तिखट कालवणाला, बांगडा तो बांगडा.

ताज्या बांगड्याची ओळख तुम्ही 'डोळे चमकदार, कल्ले लाल' अशी दिलीय ती बरोबर आहे पण कल्ल्याचं एक सांगतो, काही ठिकाणी लाल दिसावेत म्हणून करामती करतात असं ऐकतो, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका, वास घ्या. चुलतीची पद्धत सोपी, डोक्याकडून धरून मासा आडवा उचलायचा. "ताजो बांगडो कधी मान खाली घालूचो नाय," ताठ राहतो. शेपूट लोंबली की पुढे चला. आणि पोट दाबून बघा, बांगड्याचं पोट फार लवकर फुटतं, विशेषतः खाऊन तट्ट झालेला असेल तर, फुटलेल्या पोटाचा घ्यायचा नाही.

इथे माझी एक फजिती सांगतो, कारण लेखात ही गोष्ट नव्हती आणि असायला पाहिजे होती. वीसेक वर्षांपूर्वी मी नोकरीला डोंबिवलीत होतो. गावाहून रात्रीच्या गाडीने निघताना वहिनीने प्रेमाने डझनभर बांगडे दिले, मी पिशवीत थोडा बर्फ टाकून गाडीच्या डिकीत ठेवले. गाडी घाटात बंद पडली, दुसरी येईपर्यंत उन्हं वर आली, पनवेलला बघितलं तर पिशवीत नुसतं पाणी. वास तसा काही येत नव्हता म्हणून दुपारी तळून खाल्ले. अर्ध्या तासात तोंड टोमॅटोसारखं लाल, डोकं ठणकतंय, अंगाला खाज, छातीत धडधड. डॉक्टरकडे गेलो, त्यांनी गोळी दिली, संध्याकाळपर्यंत उतरलं, पण जाताना सांगितलं, तुम्हाला माशांची ॲलर्जी आहे, मासे बंद. मालवणच्या माणसाला! दोन वर्षं मी घरात बांगडा तळला की गॅलरीत जाऊन उभा राहायचो.

पुढे माझा भाचा रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकायला गेला, १९८१ पासूनचं कॉलेज आहे ते, आणि सुट्टीत आला तेव्हा त्याने सगळं ऐकून डोक्यावर हात मारला. म्हणाला मामा, तुम्हाला ॲलर्जी बिलर्जी काही नाही, मासा गरम राहिला. बांगडा, तारली, ट्यूना या जातीच्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं, थंडावा गेला की जिवाणू त्याचं हिस्टामाईन करतात आणि ते पोटात गेलं की ॲलर्जीसारखंच सगळं होतं. आणि एकदा तयार झालं की तळा, उकळा, फ्रीजरमध्ये टाका, ते जात नाही, वास यायलाच हवा असं पण नाही. त्या रात्री मी त्याच्यासमोर तीन बांगडे खाल्ले, भाजलेले, काही झालं नाही. डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांनी समोर दिसलं ते सांगितलं, पण बांगडा घेतल्यापासून चुलीवर जाईपर्यंत बर्फात पाहिजे हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. लांबच्या प्रवासाला बर्फ माशाइतका घ्यायचा आणि पाणी निथळू द्यायचं, मासा वितळलेल्या पाण्यात बुडून राहता नये.

लेखाच्या शेवटी 'बांगडा कमी का झाला' यावर एक परिच्छेद आहे, त्यात सगळा दोष हवामानाला. हवामान आहेच, बांगडा मुळातच लहरी, एका साली पाट्या भरून वाहतात तर दुसऱ्या साली बघायला नाही, पावसाळ्यात खालचं थंड पाणी वर येऊन त्याचं खाणं किती तयार होतं यावर बरंच अवलंबून असतं. पण पर्ससीन जाळ्याचं नाव पण घ्यायचं नाही म्हणजे काय? थव्याला वेढा घालून खालून बटव्यासारखी नाडी आवळायची, थवाच्या थवा वर. यासाठीच राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर बंधनं घातली, आणि एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. कागदावर आहे सगळं. रात्री आमच्या अंगणातून समुद्रावर लाईटचं गाव दिसतं ते कागदाला कोण दाखवणार. आता रापणवाले पण अगदी धुतल्या तांदळाचे नाहीत, रापणीत बारका मासा पण येतो आणि आम्ही पोरांनी ते बांगडुले आनंदाने खाल्लेत हे मी वर लिहिलंच आहे. पण रापण किनाऱ्यापासून जेवढी लांब जाते तेवढीच तिची हाव, पुढे जाऊच शकत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते तेव्हा तरी बांगड्याला शांतपणा मिळतो, बाकी वर्षभर पाठलागच.

नावाचं पण एक राहिलं. लेखात शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्ता दिलंय आणि पुढे कंसात 'लॅटिन'. त्यातला कानागुर्ता लॅटिन नव्हे हो, तेलुगू आहे. पॅट्रिक रसेल नावाच्या डॉक्टरने विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरचे मासे तिथल्या लोकांच्या तोंडच्या नावांसकट नोंदवले आणि १८०३ साली छापले, त्यावरून फ्रान्सच्या कुव्हिए साहेबाने १८१६ मध्ये तेच नाव शास्त्रात घेतलं. म्हणजे आंध्रच्या कुणा कोळ्याने सांगितलेलं नाव सगळ्या जगाने उचललं. रसेल आपल्या वेंगुर्ल्याला उतरला असता तर आज जगभर बांगडोच म्हटलं असतं, पण नशीब.

पाककृतीबद्दल मी काही बोलणार नाही, चुलती बोलली ते छापण्यासारखं नाही. एवढंच सांगते म्हणाली की तिखल्यात तिरफळं टाकायची विसरलात, आणि टोमॅटो कशाला, सोलं म्हणजे कोकमं नाहीत का शहरात?

सोबत ईमेलला दोन फोटो जोडलेत. आज सकाळचाच बांगडा आहे, सव्वाशेचा वाटा घेतला त्यातला मोठा, नाकापासून शेपटीपर्यंत २३ सेंटीमीटर, शाळेची पट्टी बाजूला ठेवलीय. छातीचा पंख भाच्याने काडीने वर धरलाय म्हणजे तो काळा डाग दिसेल, आणि दुसऱ्या फोटोत तोंड उघडून आतले कंगवे. दुरुस्ती छापाल तेव्हा हे वापरा, नाव-बिव काही नको, पैसे पण नकोत. फक्त उजव्या कोपऱ्यात आमच्या मांजराचा पंजा आलाय तेवढा कापून घ्या, पुढच्या फोटोला मासा मिळाला नाही तो त्याच्यामुळेच.

आपला,
एक जुना वाचक
मालवण तालुका, जि. सिंधुदुर्ग